शेवटचा फॉर्मा

गिरगाव, मुंबई
१४ जुलै १९८६

ती. सौ. तुळसावहिनीस,
हौसाचा सा. नमस्कार.

पार्सलवर मी लाल शाईनं मोठ्ठं 'धार्मिक पुस्तके' असं लिहिलंय. हसू नकोस. मागच्या खेपेला दादानं विचारलं होतं ना, "एवढं काय पाठवते गो ती?" आता विचारणार नाही.

आत तीन आहेत. दोन जुनी, फुटपाथवरच्या रद्दीवाल्याशी हुज्जत घालून मिळवली. कव्हरं लोंबत होती, ती मी खळ लावून चिकटवली. शेवटी बाइंडिंग खात्यातली बाई आहे मी, फाटकं पुस्तक बघवत नाही. तिसरं नवंकोरं, आमच्याच प्रेसमध्ये शिवलेलं. 'रक्ताळलेला रहाट', लेखक काळभुजंग. हा काळभुजंग प्रूफं न्यायला आमच्याकडे येतो. बाई गं, एवढासा माणूस, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला आणि पिशवीत दुधी भोपळा. त्याला बघून भूतच पळेल, पण दयेनं.

रहाट मात्र अर्धवट आहे हां. एकशे अठ्ठावीस पानांचं पुस्तक, सोळा-सोळा पानांचे आठ फॉर्मे. या कॉपीत शेवटचा फॉर्मा शिवायचाच राहिला, म्हणून तर मला फुकट मिळाली. तो आठवा फॉर्मा मी बाजूला काढून ठेवलाय. गणपतीला येताना आणीन. तोवर एकशे बाराव्या पानावर थांब आणि डोकं चालव. घरातल्या चार सुना विहिरीत गेल्या, पाचवी नुकतीच उंबरा ओलांडून आलीय, आणि बैल गोठ्यात असताना रहाट आपोआप फिरतो. कोण फिरवतं? मला माहीत आहे. सांगणार नाही.

गेल्या रविवारी मॅटिनीला भुताचा पिक्चर बघितला. भूत पाठमोरं झालं तर झग्याची चेन दिसली! सगळं थेटर खदाखदा हसलं. मीही हसले. आणि पुढच्याच मिनिटाला कपाटातून हात बाहेर आला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं किंचाळले तीही मीच.

खात्यातल्या बायका म्हणतात, नवरा गेलेल्या बाईनं असलं वाचू नये, बघू नये. मी म्हणते, मला आता घाबरायला दुसरं उरलंय काय? पैसे देऊन तरी घाबरून घेते.

पूर्णगडच्या आपल्या विहिरीचा रहाट आठवतो का तुला? तू लग्न होऊन आलीस तेव्हा होता अजून.

तुझी,
हौसा


रत्नागिरी
२४ जुलै १९८६

चि. हौसास,
अनेक आशीर्वाद.

धार्मिक पुस्तकं पोचली! हे स्वतः पोस्टातून घेऊन आले. वरची लाल अक्षरं वाचून म्हणाले, "हौसाला सुबुद्धी झाली." मी मेली चुलीत फुंकर घालत बसले, तोंड वर करायची सोय नव्हती. कागदसुद्धा त्यांनी नीट सोडवून, घडी घालून ठेवायला दिला.

वाचलं गो. दोन दुपारींत एकशे बारा पानं. आणि वाचून झाल्यावर दर वेळेला होतं तेच झालं, स्वतःची लाज वाटायला लागली. एकोणचाळीस वर्षांची बाई, गुरुजींची बायको, आषाढी एकादशीपासून आमच्या ओटीवर चातुर्मासाची पोथी मी वाचते. आळीतल्या दहा-बारा बायका हात जोडून ऐकतात, मला वाकून नमस्कार करतात. आणि माझं मन कुठं, तर विहिरीतल्या चार सुनांत. परवा पोथी वाचताना 'देवी प्रकटली' म्हणायच्या जागी मला आधी तिचे सुळेच दिसले. जीभ चावली.

मला संशय देवळातल्या पुजाऱ्याचा आहे. तोच रहाट फिरवतो. गंगुबाईचं मत वेगळं. मिरकरवाड्याची ती गंगुबाई, आपल्याकडे मासे घेऊन येते ती. बोटी बंद आहेत, चातुर्मास म्हणून आमच्याकडे मासे शिजत नाहीत, तरी रिकामी टोपली घेऊन रोज मागल्या दारी हजर. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. आल्या आल्या विचारते, "काय गो वैनी, ती पाचवी जित्ती हाय का गेली इहिरीत?" ती म्हणते, सासूच असणार, दुसरं कोण!

आणखी एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मंगळवारी तिच्याबरोबर मिरकरवाड्यात गेले होते. जाळ्यांच्या वखारीत व्हिडिओ लावतात, दोन रुपये तिकीट. डोक्यावरून पदर घेऊन मागं बसले. पडद्यावर मेलेली बाई नवऱ्याच्या छातीवर बसली होती, आणि सगळ्या बायका ओरडत होत्या, "दाब गो, दाब!" मी पण ओरडले. इतकं बरं वाटलं हौसा, की घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. घरी आल्यावर साडीला जाळ्यांचा वास. ह्यांना सांगितलं, नारळ बघायला बंदरावर गेले होते. किती खोटं बोलायला लागतं एका भुतासाठी.

पुस्तकं पूर्वी तांदळाच्या कणगीत ठेवायची, पण यंदा उंदीर झालेत. म्हणून 'रहाट' पोथीसारख्याच लाल फडक्यात बांधून देवाच्या फळीवर पोथीशेजारी ठेवलाय. तिथं माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. देव मला क्षमा करो.

फॉर्मा विसरू नकोस.

तुझी,
वहिनी


रत्नागिरी
१० ऑगस्ट १९८६

चि. हौसास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. तुझं कार्ड मिळालं. तूर्त पुस्तकं पाठवू नकोस. इथं वायच गडबड झाली. विशेष काही नाही.

ह्यांचं पत्र आलं तर मनावर घेऊ नकोस. शाळेत तपासणी आहे, डोकं तापलेलं असतं.

तब्येतीला जप.

वहिनी


गिरगाव, मुंबई
१४ ऑगस्ट १९८६

ती. सौ. वहिनीस,
सा. नमस्कार.

दादाचं पत्र आलं. मनावर घेऊ नकोस म्हणतेस, पण कसं नको घेऊ?

आजवर प्रत्येक पत्रावर 'चि. हौसास' असं असायचं. हे गेल्यावर पण दादानं मला कधी 'गं. भा.' लिहिलं नाही. मायन्यात तेवढी मी अजून त्याची लहान बहीण होते. या खेपेला मायनाच 'गं. भा. हौसाबाई यांस'. पुढचं तुला उतरवून देते: "मुंबईस एकटे राहून तुला जे वळण लागले त्याचा पुरावा सर्वांसमक्ष मिळाला. आमच्या घरात देव आहेत. यंदा गणपतीस येण्याची तसदी घेऊ नये." खाली सही पूर्ण नावानं. 'दादा' नाही.

मी अख्खा दिवस विचार केला, आणि मला कळलं काय ते. वहिनी, तुझ्यापासून लपवलं त्याची शिक्षा मिळाली मला. आमच्या कंपोझिंग खात्यात सखाराम म्हणून आहेत, बायको चार वर्षांमागं वारली. पिक्चरला मी एकटी जात नाही, त्यांच्याबरोबर जाते. महिन्यातनं एकदा, भुताचाच. मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसतो. मध्यंतरात ते शेंगदाणे आणतात, पुडी त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवतात, आणि दोन्हीकडून खातो. एवढंच. याहून तिळभर जास्त नाही. पण आपल्या गावचं कुणीतरी बघितलं असणार आणि दादाला सांगितलं असणार.

मला लाज वाटते. चूक काय केली ते सापडत नाही, तरी वाटते. दादाला तूच सांग गो माझ्या वतीनं. तुझ्याशिवाय तिथं माझं कोण आहे? म्हणावं, थेटरात जाणं बंद करीन. सखारामांना तसं कालच सांगून टाकलं. ते "बरं" म्हणाले आणि टाइपाचे खिळे जुळवत राहिले.

वर्षातले ते पाच दिवस घरचे असतात म्हणून बाकीचे दिवस मी काढते. तेवढं तुटू देऊ नकोस.

तुझी,
हौसा


रत्नागिरी
१८ ऑगस्ट १९८६

हौसा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला कुणीही बघितलेलं नाही. ह्यांच्या कानावर सखारामांचा 'स' सुद्धा नाही. जे झालं ते माझ्या तोंडानं झालं. सगळं लिहिते, मध्ये थांबले तर परत धीर होणार नाही.

आठ तारखेला श्रावणातला पहिला शुक्रवार, जिवतीची पूजा. ओटीवर अकरा बायका. मला न्हाऊन यायला उशीर झाला. शेजारच्या येसूबाई, सत्तरीच्या, त्यांनी मदत म्हणून फळीवरची पोथी स्वतःच काढली. हाताला लागलं ते लाल बासन त्यांनी पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर आघाड्याची माळ घातली. मी केस टिपत येऊन बसले, नमस्कार केला आणि गाठ सोडली.

आत 'रक्ताळलेला रहाट'. कव्हरवरची बाई तुला ठाऊकच आहे. सुळे, हनुवटीवर रक्त, पदर जाग्यावर नाही. आणि तिच्या कपाळावर येसूबाईंनी वाहिलेलं कुंकू सांडलेलं.

येसूबाईच म्हणाल्या, "म्हणजे एकादशीपासून मी रोज फूल ठेवते फळीवर, ते हिला?" तेवढ्यात हे शाळेतून जेवायला आले, दारातच थांबले. म्हणाले, "हे काय आहे?"

माझ्या आधी माझं तोंड बोललं गो. म्हणाले, "हौसानं पाठवलं. नवी पोथी म्हणून बांधून पाठवली. मी सोडून पण बघितली नव्हती."

ह्यांना लगेच ते पार्सल आठवलं. घडी घातलेला कागद आत जाऊन घेऊन आले आणि तुझी लाल अक्षरं सगळ्यांना दाखवली, 'धार्मिक पुस्तके'. मग एकीनं म्हटलं, मुंबईला एकट्या बाईला विचारणारं कोण असतं? दुसरी म्हणाली, देवाची पण थट्टा. मी मान हलवली. होय हौसा, नुसती गप्प बसले नाही, मान पण हलवली. सुटल्यासारखं वाटलं मला. त्या सुटकेचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

ह्यांनी पुस्तक काखोटीला मारलं आणि शाळेच्या पेटीत कुलुपात टाकलं. त्याच संध्याकाळी तुला पत्र लिहिलं. मी पोस्टाचं तिकीट दिलं काढून.

मला वाटलं, तू हसशील, दोन दिवस रुसशील आणि विसरशील. मला काय ठाऊक, तू आपल्याच अंगावर ओढून घेशील आणि कुणा भल्या माणसाला तोडशील. पुस्तकं वाचायची मला जन्मभर लाज वाटली. ती फुकट घालवली गो. खरी लाज कशाला म्हणतात ते आत्ता कळलं.

मला माफ कर. काय करू ते तू सांग.

तुळसा


गिरगाव, मुंबई
२१ ऑगस्ट १९८६

वहिनी,

तू विचारतेस काय करू. तुला माहीत आहे काय करायचं ते. माझ्याकडून ऐकायचं असेल तर ऐक.

पत्रातली माफी मला नको. पत्र मी एकटी वाचते. माझं नाव तू अकरा बायकांत घेतलंस.

नवरा गेल्यावर नोकरीला मुंबईत राहिले तेव्हा आळीत काय काय बोलत होते, ते तूच मला सांगितलं होतंस, आणि रडली होतीस. म्हणजे कुठं बोट ठेवलं की दुखतं ते तुला पक्कं ठाऊक होतं. परक्या बाईला एवढं नेमकं जमलं नसतं.

आणि भुताचं वेड मला मुंबईनं लावलं म्हणतो दादा? विचार त्याला. पूर्णगडच्या किल्ल्यावर दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईची गोष्ट मला कोण सांगायचं? मी सहा वर्षांची, तो पंधराचा. भिंतीवर हातानं सावल्या करायचा. ऐन रंगात आला की म्हणायचा, "पुढचं उद्या," आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी पहाटेपर्यंत जागी. त्या बाईचं पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. मग मी मिळेल त्या पुस्तकात शोधत बसले.

गणपतीला मी येत नाही. फॉर्मा माझ्या ट्रंकेत आहे, तो तिथंच राहील.

हौसा


रत्नागिरी
२६ ऑगस्ट १९८६

चि. हौसास,

काल श्रावणी सोमवार. पोथीला बायका जमल्या. ह्यांची अर्धी शाळा, म्हणून आधी त्यांना विचारलं, "आज ओटीवर थोडं बसाल?" ते झोपाळ्यावर बसले. मग मी पाटावर न बसता खाली बसले, आणि पोथी सोडायच्या आधी सांगितलं.

म्हटलं, ते पुस्तक माझं. मी मागवलेलं. असली पन्नास-साठ तरी वाचली असतील. फडक्यात मीच बांधलं. हौसाला यातलं ठाऊक नव्हतं. मी भ्याले आणि तिचं नाव पुढं केलं. मिरकरवाड्यातल्या व्हिडिओचं पण सांगून टाकलं, उगीच शिल्लक कशाला.

तुला वाटेल कुणी पाठीवरून हात फिरवला. तसं काही झालं नाही. येसूबाईंनी विचारलं, "मी वाहिलेली फुलं देवाला पोचली का त्या बाईला, तेवढं सांग." मी म्हटलं, "मला नाही माहीत." त्यांनी आपलं तबक उचललं आणि गेल्या. त्यांच्यामागून सात जणी उठल्या. एक जाता जाता म्हणाली, "आणि आम्ही हिच्या पाया पडत होतो." ते खरंच आहे. उरलेल्या तिघींसाठी अध्याय वाचला. शेवट करेपर्यंत घसा बसला.

मागल्या दारी गंगुबाई सगळं ऐकत उभी होती. म्हणाली, "वैनी, ही गोष्ट सांगताना मातर तू लय भ्यालीस." मग चूळ भरायला पाणी दिलं मला, माझ्याच घरात.

हे जेवले, हात धुतले, छत्री घेऊन शाळेत गेले. सुट्टी झालेल्या शाळेत! दिवेलागणीला आले. मी तुझं पत्र, पूर्णगडच्या बाईचं होतं ते, त्यांच्या पुढ्यात ठेवलं. वाचून चष्मा काढला आणि पुसत बसले. मला म्हणाले एवढंच, "माणूस मारायला भूत कशाला लागतं, तुळसा?" मला म्हणाले का स्वतःला, ते कळलं नाही.

पहिलं पत्र, त्यात सखाराम आहेत ते, मी दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. ते सांगायचं का, कधी, कुणाला, तो तुझा हक्क. पण तुला सांगते, शेंगदाण्याच्या पुडीसाठी खुर्ची सोडणारा माणूस रोज भेटत नाही. त्याला परत बोल.

येसूबाई आज माझ्याकडे न बघता दारावरून गेल्या. जाऊ देत. हे मी भोगायचं आहे.

तू ये असं म्हणायचं मला तोंड नाही.

तुझी,
वहिनी


(पोस्टकार्ड)

रत्नागिरी
३० ऑगस्ट १९८६

चि. हौसास,
अनेक आशीर्वाद.

मागील पत्राचा मायना चुकला होता. तो खोडून, वरीलप्रमाणे दुरुस्त करून वाचावा. मजकूरही चुकला होता. तो सगळाच खोडावा. मागील पत्र बंद पाकिटातून पाठवले होते. हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहीत आहे. पोस्टमन लवू वाचो, तुमच्या चाळीतले वाचोत.

गणपती रविवारी. तू शुक्रवारच्या गाडीत बस. शनिवारी सकाळी स्टँडवर मी स्वतः येतो.

जप्त पुस्तक शाळेच्या पेटीत होते. नष्ट करण्यापूर्वी एकवार पाहावे म्हणून उघडले. ही गोष्ट नऊ तारखेची. म्हणजे तुला ते पत्र टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत वाचत होतो आणि तुला दोष देत होतो. हे तुझ्या वहिनीस अद्याप सांगितलेले नाही. तिने अकरा जणींपुढे सांगितले, मला एकीपुढे जमत नाही. म्हणून प्रथम तुला.

एकशे बाराव्या पानावर अडलो आहे. माझा संशय सासऱ्यावर आहे. शेवटचा फॉर्मा आठवणीने आण. रहाट कोण फिरवतो ते उलटटपाली कळवू नकोस, घरी येऊन सांग.

किल्ल्यावरच्या त्या बाईचे पुढे काय झाले, ते तेव्हा मलाच माहीत नव्हते. म्हणून मी झोपेचे सोंग घेत असे. तू आलीस की दोघे मिळून ठरवू.

तुझा,
दादा